समावेशक बालवर्गाची शिक्षिका होण्यासाठी कोणते प्रशिक्षण घ्यावे?

सिन्नरच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या कला शाखेच्या पदवीधर असून एका खासगी बालवाडीत छोट्या गटाला शिकवतात. यंदा त्यांच्या गटात चार वर्षांचा एक मुलगा आला आहे. तो बोलत नाही, गोष्ट सुरू झाली की उठून दाराशी जातो आणि कोणी त्याच्या ठोकळ्यांना हात लावला की मोठ्याने ओरडतो. त्याला विशेष शाळेत पाठवावे, असे संस्थेकडून सुचवण्यात आले; ताईंना मात्र तो आपल्याच गटात राहावा असे वाटते. त्यासाठी विशेष शिक्षणाची पदविका करावी, बालशिक्षणाची करावी, की एखादा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरेल, असे त्यांनी विचारले आहे.

नाशिक जिल्ह्यात बालवाड्या आणि अंगणवाड्यांमधील शिक्षिकांबरोबर मी दीर्घकाळ काम करत आले आहे, त्या अनुभवावरून माझे उत्तर असे की, आधी बालशिक्षणाचे पक्के प्रशिक्षण घ्यावे, आणि तेही असे निवडावे की ज्यात जाणत्या शिक्षिकेच्या नजरेखाली प्रत्यक्ष मुलांच्या गटात भरपूर काम करावे लागते. विशेष शिक्षणाची पदविका त्यानंतर, गरज आणि ओढ पाहून करावी. या क्रमाला कारण आहे. समावेशक बालवर्गाच्या शिक्षिकेचे रोजचे काम म्हणजे वीसेक मुलांचा एक दिवस असा आखणे की त्यात प्रत्येक मुलाला काहीतरी करता येईल, आणि ते इतरांच्या सोबतीने करता येईल. तीन ते सहा वयाचे मूल कसे खेळते, कसे बोलू लागते, कशामुळे घाबरते, किती वेळ एका जागी रमते, हे ज्यांना नीट ठाऊक नाही त्यांना केवळ अक्षमतेचे ज्ञान दिले, तर त्या अशा मुलाला कोपऱ्यात बसवून त्याच्याकडून मणी ओवून घेतात किंवा रंग ओळखून घेतात. ते मूल वर्गात असते, पण गटात नसते. असे वर्ग मी पाहिले आहेत आणि तेथील शिक्षिकांच्या तळमळीबद्दल मला जराही शंका नाही. त्यांना मिळालेले प्रशिक्षणच अपुरे होते.

आता अभ्यासक्रमांविषयी. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांमध्ये पूर्वप्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका आहे आणि तिला बारावीनंतर प्रवेश मिळतो. नोकरी सांभाळून शिकायचे असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका बारावीनंतर किमान एका वर्षात पूर्ण करता येते आणि तिच्यात प्रकल्पकार्य असते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे मुख्यालय तर आपल्या नाशिकमध्येच आहे. त्या त्या वर्षी तेथे कोणते शिक्षणक्रम सुरू आहेत हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. जे अंगणवाडीचा मार्ग धरतात त्यांच्यासाठी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बारावी उत्तीर्ण सेविकांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाची पदविका सुचवली आहे. २०२३ पासून केंद्र शासनाच्या 'पोषण भी पढाई भी' या कार्यक्रमातूनही सेविकांची प्रशिक्षणे होत आहेत. ती उपयुक्त आहेत, परंतु काही दिवसांच्या प्रशिक्षणातून केवळ दिशा कळते. हात बसण्यासाठी पुढे वर्गातच कोणीतरी सोबत करावी लागते.

विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या अखत्यारीत येतात. ही परिषद १९९२ च्या कायद्याने वैधानिक झाली. तिच्या मान्यतेची विशेष शिक्षणातील पदविका दोन वर्षांची असते आणि ती श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता अशा एकेका क्षेत्रात करावी लागते. ती पूर्ण केल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदपुस्तकात नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी असल्याशिवाय विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही आणि तिचे ठरावीक मुदतीत नूतनीकरणही करावे लागते. म्हणून कोणी 'सहा महिन्यांत विशेष शिक्षक व्हा' असे सांगत असेल, तर त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता आहे का आणि त्यानंतर नोंदणी होते का, एवढे दोन प्रश्न आधी विचारावेत. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. संस्थेच्या जाहिरातीपेक्षा त्या यादीवर विश्वास ठेवावा.

शहरात कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर अशा भागांत बालवाडी शिक्षिकांसाठी खासगी प्रशिक्षणवर्ग चालतात. त्यांपैकी काही मनापासून शिकवतात, काही केवळ प्रमाणपत्र देतात. कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी पुढील गोष्टी समोरासमोर विचारून घ्याव्यात. आम्हाला प्रत्यक्ष बालवर्गात किती आठवडे काम करायला मिळेल? आमचा पाठ कोण पाहील, आणि पाहून झाल्यावर आमच्याशी बसून बोलेल का? आम्ही जिथे सराव करू त्या वर्गात दिव्यांग मुले आहेत का? पालकांशी बोलण्याचा सराव करून घेतला जातो का? शैक्षणिक साधने तयार करण्यावरच सारा वेळ जात असेल, म्हणजे थर्माकोल, चमकीचा कागद आणि तक्ते यांतच सत्र संपत असेल, तर तेथे पैसे घालू नयेत. सुंदर तक्ता करता येणे चांगलेच आहे, परंतु तक्त्याकडे न पाहणाऱ्या मुलाचे काय करायचे हे त्यातून कळत नाही. ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही हीच कसोटी लावावी. वाचन, व्याख्याने आणि चित्रफिती यांसाठी ते चांगले आहेत. मात्र तुम्ही मुलाच्या किती जवळ बसलात, किती घाई केलीत, त्याच्या नजरेआधीच तुमचा हात पुढे गेला का, हे पडद्यापलीकडून कोणी सांगू शकत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. समावेशन ही कल्पना परदेशातून आलेली आणि आपल्या बालवाड्यांना परकी आहे, असे अनेकांना वाटते, पण तसे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत १९४५ मध्ये ग्रामबालशिक्षा केंद्राचे काम सुरू केले. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी आकाराला आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी, गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागोमाग जाणारी कुरणशाळाही त्यांनी चालवली. मूल व्यवस्थेत बसत नसेल, तर व्यवस्था हलवायची, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समावेशक शिक्षणाची जी व्याख्या आहे, तीही हेच सांगते: दिव्यांग असलेले आणि नसलेले विद्यार्थी एकत्र शिकतात आणि शिकवण्याची पद्धत निरनिराळ्या दिव्यांग विद्यार्थ्यांच्या गरजांनुसार बदलली जाते. व्याख्येचा दुसरा अर्धा भाग बहुतेक जण विसरतात. मुलाला प्रवेश दिला आणि पद्धत तीच ठेवली, तर ते समावेशन होत नाही.

या कायद्यात एकवीस प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. शिक्षणसंस्थांवरील जबाबदारीचे त्याचे कलम शासनाचा निधी किंवा मान्यता असलेल्या संस्थांना लागू होते. अनेक खासगी बालवाड्या अशा मान्यतेच्या चौकटीत नसतात, त्यामुळे तुमच्या संस्थेला कायदा दाखवून फारसे साधणार नाही. त्याऐवजी गट नीट चालतो आहे, इतर मुलांचे नुकसान होत नाही, हे त्यांना प्रत्यक्ष दिसू द्यावे. माझ्या अनुभवात संस्थाचालकांचे मन वळते ते यामुळेच.

प्रशिक्षणातून कोणते कौशल्य सर्वांत आधी मिळवावे, असे मला विचारले, तर मी निरीक्षण म्हणेन. ऐकायला सोपे वाटते, पण बहुतेक शिक्षिकांच्या नोंदवहीत निरीक्षणाऐवजी निकाल लिहिलेले असतात: 'हट्टी आहे', 'लक्ष देत नाही', 'मारकुटा आहे', 'लाडावलेला आहे'. अशा नोंदीवरून उद्या काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी जे डोळ्यांना दिसले आणि कानांना ऐकू आले तेवढेच लिहावे. आधी काय घडले, मुलाने काय केले, त्यानंतर लगेच काय झाले, या क्रमाने. तुमच्या गटातील मुलाविषयी अशी नोंद करता येईल: 'ठोकळ्यांचा खेळ. तो लाल ठोकळे एका ओळीत मांडत होता. शेजारच्या मुलीने ओळीतला एक ठोकळा उचलला. तो ओरडला आणि दोन्ही हातांनी उरलेले ठोकळे पोटाशी धरले. मी मुलीला दुसरे ठोकळे दिले. तो शांत झाला आणि पुन्हा ओळ मांडू लागला.' या नोंदीत 'रागीट' असे कुठेही नाही, आणि तरीही तिच्यातून बरेच हाती लागते. त्याला स्वतःचा क्रम महत्त्वाचा वाटतो. त्याचे ओरडणे म्हणजे 'माझे घेऊ नको' असे सांगणे आहे, कारण ते सांगायला त्याच्याजवळ दुसरे साधन नाही. आणि वस्तू परत मिळाली की तो लवकर सावरतो.

अशा नोंदी एका आठवड्यात रोज दोनदा, वेगवेगळ्या वेळी कराव्यात: मुले येतात तेव्हा, खाऊच्या वेळी, मोकळ्या खेळात, गोष्टीच्या वेळी, मैदानात. मुलाला काय येत नाही याच्या याद्या आपण सहज करतो, म्हणून मी प्रशिक्षणार्थींना एक पान सक्तीने 'त्याला काय आवडते आणि काय जमते' यासाठी ठेवायला लावते. पाण्याशी खेळणे, घंटा वाजवणे, चपला जोडीने लावणे, झोका, ठरावीक बडबडगीत, कोणाही एका मुलाशेजारी बसणे, काहीही चालेल. पुढचे सारे नियोजन या पानावरून सुरू होते.

नियोजन म्हणजे त्या मुलासाठी वेगळा धडा काढणे, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. तोच उपक्रम सर्वांसाठी ठेवून त्यात शिरण्याच्या वाटा वाढवायच्या असतात. गोष्टीचेच उदाहरण घेऊ, कारण बालवर्गातील बहुतेक अडचणी गोष्टीच्या वेळी उघड होतात. समजा, तुम्ही 'म्हातारी आणि भोपळा' सांगणार आहात. केवळ तोंडी सांगितली, तर जी मुले ऐकून समजू शकतात, मराठी जाणतात आणि दहा मिनिटे बसू शकतात, तेवढ्यांचीच ती गोष्ट होते. त्याच गोष्टीसाठी खरा भोपळा, एक काठी, जुने लुगडे आणि वाघ, कोल्हा, अस्वल यांचे मुखवटे किंवा चित्रे आणली, तर कमी ऐकू येणारे मूल पाहून समजते, कमी दिसणारे मूल भोपळा हातात घेऊन समजते आणि कोणतीही भाषा बोलणारे मूल कृती पाहून समजते. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही ओळ सर्वांनी एकत्र म्हणायची. ज्याला बोलता येत नाही त्याने त्या वेळी डफ वाजवायचा किंवा भोपळा पुढे ढकलायचा. ज्या मुलाला प्रमस्तिष्कघातामुळे म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे जमिनीवर बसवत नाही, त्याला भिंतीच्या कोपऱ्यात उशीचा आधार देऊन किंवा कोपऱ्यासारखी पाठ असलेल्या खुर्चीत बसवायचे, आणि इतर मुलांनाही त्याच उंचीवर येतील अशी बसण्याची जागा द्यायची, म्हणजे ते एकटेच वर राहत नाही.

तुमच्या गटातील मुलगा गोष्टीच्या वेळी दाराशी जातो. सुरुवातीला त्याला दाराजवळच, पण सर्वांकडे तोंड करून बसण्याची जागा द्यावी. गोष्ट सुरू होण्यापूर्वी त्याला चित्र दाखवून 'आता गोष्ट, नंतर झोका' असे सांगावे आणि ते रोज पाळावे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे हा उपाय स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांसाठी म्हणून ओळखला जातो, पण त्याचा फायदा सर्वच लहान मुलांना होतो. आई कधी येणार हे ज्या मुलाला कळत नाही, तेही 'खाऊ झाला, मग गाणे, मग घर' हे चित्रावर बोट ठेवून समजून घेते. गोष्टीतील एक काम त्याच्याकडे सोपवावे. सुरुवातीला तो दोन मिनिटे थांबला, तर तेवढे पुरे. पुढच्या आठवड्यात तीन मिनिटांची अपेक्षा ठेवावी. घाईने मांडीवर दाबून बसवू नये. त्यातून तो केवळ गोष्टीची भीती शिकेल.

बोलता न येणाऱ्या मुलाला सांगण्याचे साधन देणे, हे बोलायला शिकवण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पाणी, शू, पुरे, पुन्हा, माझे, मदत, अशा रोज लागणाऱ्या गोष्टींची पाच-सहा चित्रे त्याच्या हाताशी ठेवावीत आणि तुम्ही स्वतः बोलताना ती दाखवावीत. चित्रे किंवा खुणा दिल्याने मूल बोलायचे टाळेल, अशी भीती पालक हमखास व्यक्त करतात. प्रत्यक्षात सांगता येऊ लागले की चिडचिड कमी होते आणि बोलण्याचा प्रयत्न वाढतो. इतर मुलांनाही त्या खुणा शिकवाव्यात. चार वर्षांची मुले त्या आपल्यापेक्षा लवकर उचलतात आणि ठोकळा घेण्याआधी 'मला दे' अशी खूण करू लागतात, आणि त्या दिवसापासून तुमच्या वर्गातील ओरडणे बरेच कमी होते.

नाशिक जिल्ह्यापुरता समावेशनाचा विचार करताना दिव्यांगत्वाच्या पलीकडेही पाहावे लागते. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर भागांत अनेक मुलांच्या घरी कोकणा किंवा वारली बोली असते. बागलाण, देवळा, कळवण, मालेगाव या पट्ट्यात अहिराणी ऐकू येते. मालेगाव शहरात उर्दू. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत हिंदी आणि भोजपुरी. द्राक्षांच्या हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे कामाला येतात आणि त्यांची लहान मुले काही महिने एका गावात, काही महिने दुसऱ्या गावात असतात. असे मूल नव्या अंगणवाडीत पहिले काही आठवडे गप्प बसले, तर ते मंद आहे असे ठरवणे हा त्याच्यावर फार मोठा अन्याय आहे. म्हणून मूल बोलत नाही असे दिसले की पहिली चौकशी अशी करावी: ते घरी कोणत्या भाषेत बोलते, आणि त्या भाषेत त्याच्या वयाप्रमाणे बोलते का? आईला किंवा आजीला बोलावून त्यांना मुलाशी खेळायला सांगावे आणि आपण बाजूला बसून ऐकावे. घरच्या भाषेत ते भरभरून बोलत असेल, तर त्याला वेळ, मैत्रीण आणि वर्गात त्याच्या भाषेतील काही शब्द हवे आहेत, तपासणी नको. घरच्या भाषेतही ते बोलत नसेल, तर मात्र थांबू नये.

अशा वेळी सर्वांत आधी ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. इतर कोणत्याही निष्कर्षाच्या आधी, मग मूल टाळी वाजवल्यावर वळून पाहत असले तरीही. टाळीचा आवाज ऐकू येणे आणि बोलण्यातील ध्वनी ऐकू येणे यांत फार अंतर आहे. वारंवार सर्दी होणाऱ्या किंवा कान वाहणाऱ्या मुलांमध्ये कधी ऐकू येते, कधी येत नाही, आणि शिक्षिकेला वाटते ते मुद्दाम लक्ष देत नाही. लहान मुलांची श्रवणचाचणी मूल झोपलेले असताना यंत्राद्वारेही करता येते, त्यासाठी त्याने उत्तर देण्याची गरज नसते. त्यानंतर दृष्टी, आणि मग विकासाची तपासणी.

ही तपासणी कुठे होते, हे प्रत्येक प्रशिक्षणार्थीला पाठ असायला हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याचे फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांना एकदा तपासते. जन्मजात व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब असे चार गट त्यात पाहिले जातात आणि पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. खासगी बालवाडीतील मूल या पथकाच्या वाटेवर येत नाही. त्याच्या पालकांना गावातील आशा किंवा आरोग्यसेविकेकडे, अथवा थेट जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागते. अंगणवाड्यांसाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांविषयीची कार्यपद्धती जाहीर केली आहे. विलंबाची लक्षणे लवकर ओळखणे, मुलाला आणि कुटुंबाला अंगणवाडीच्या कार्यक्रमांत सामावून घेणे आणि आरोग्य यंत्रणेकडे पाठवणे, असे तिचे टप्पे आहेत. तुम्ही अंगणवाडीत नसलात तरी ती वाचावी. आपल्याकडे बालवर्गासाठी इतके थेट लिहिलेले साहित्य फारसे नाही. माता व बाल संरक्षण कार्डावरही वयानुसार विकासाचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात आणि ते कार्ड बहुतेक घरी असते. पालकांशी बोलताना तेच समोर ठेवले, तर बोलणे सोपे होते.

पालकांशी बोलणे हा प्रशिक्षणातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. शिक्षिकेने निदान करायचे नसते. 'तुमचा मुलगा स्वमग्न वाटतो' असे वाक्य दारात, इतर पालकांसमोर, घाईत उच्चारले गेले की बहुतेक आई-वडील दुसऱ्या दिवसापासून मुलाला आणत नाहीत. त्याऐवजी वेळ ठरवून, शक्यतो दोघांनाही आणि घरात निर्णय घेणारी आजी असेल तर तिलाही बोलवावे. सुरुवात त्याला जमणाऱ्या गोष्टींनी करावी आणि तुमच्या नोंदवहीतील दोन-तीन प्रसंग जसेच्या तसे वाचून दाखवावेत. 'घरी असे होते का?' हा प्रश्न विचारून गप्प बसावे. आईला बहुधा आधीच काहीतरी जाणवलेले असते आणि ते बोलायला जागा मिळालेली नसते. 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले' असे उत्तर आले, तर वाद घालू नये. 'कान तपासून घेतले तर आपल्या दोघींचीही काळजी मिटेल' एवढेच म्हणावे. आईला दोष देणारा एकही शब्द, मोबाइल जास्त दाखवता का, वेळ देत नाही का, असा, पहिल्या भेटीत तोंडून जाऊ नये.

निदान झाल्यावर कागदपत्रांची माहितीही तुम्हाला हवी. दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड कसे काढायचे, आणि स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध दिव्यांगत्व असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते, हे पालकांना शाळेतूनच कळले, तर त्यांचे अनेक हेलपाटे वाचतात.

मग विशेष शिक्षण शिकायचेच नाही का? अवश्य शिकावे, आणि त्यासाठी नाशिकमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ आहे. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये उभी केलेली बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठीची प्रबोधिनी, माई लेले श्रवण विकास विद्यालय, सातपूरमधील नॅब या संस्थेचे दृष्टिबाधितांसाठीचे काम, अशा ठिकाणी रीतसर परवानगी घेऊन काही दिवस बसावे. विशेष शाळांतील शिक्षिका एका कृतीचे किती लहान टप्पे करतात, हे पाहण्यासारखे असते. हात धुण्याची एकच कृती: नळापाशी जाणे, बाही वर करणे, नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे, आणि यांपैकी शेवटचा टप्पा मुलाने स्वतः करायचा, मग शेवटचे दोन. काम पुरे केल्याचा आनंद मुलाला पहिल्याच दिवशी मिळतो, म्हणून शिकवण्याची सुरुवात शेवटाकडून. ही पद्धत तुमच्या वर्गातील प्रत्येक मुलाला डबा उघडायला आणि चप्पल घालायला शिकवताना उपयोगी पडेल. विशेष शाळा आणि सर्वसाधारण बालवाडी यांना एकमेकींच्या विरोधात उभे करण्याची आपल्याकडे सवय आहे, ती मला मान्य नाही. काही मुलांना दोन्हींची गरज असते, आणि काही काळ विशेष शाळेतील सखोल मदत घेऊन बालवाडीत स्थिरावलेली मुले मी पाहिली आहेत.

तुमच्यासाठी ठोस सल्ला द्यायचा, तर नोकरी न सोडता दूरशिक्षणाने बालशिक्षणाची पदविका सुरू करावी आणि तिचे प्रकल्पकार्य याच मुलाच्या समावेशनावर, पालकांच्या लेखी संमतीने आणि नाव न देता, करावे. दर आठवड्याला एकदा एखाद्या अनुभवी शिक्षिकेला तुमच्या वर्गात अर्धा तास बसण्याची विनंती करावी. तसे कोणी नसेल, तर संस्था व पालक या दोघांचीही संमती घेऊन गोष्टीच्या वेळेचे दहा मिनिटांचे चित्रीकरण करावे आणि नंतर ते केवळ स्वतःच्या हालचालींकडे लक्ष ठेवून पाहावे. मदतनीस ताईंना या सर्वात बरोबरीने घ्यावे. मूल अनेकदा त्यांच्याकडेच आधी जाते, आणि शू लागल्याची खूण त्यांना ठाऊक नसेल, तर तुमची सगळी चित्रे निरुपयोगी ठरतात. राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरण, २०१३ मध्ये तीन ते सहा वयासाठी एका शिक्षिकेमागे वीस मुले असे प्रमाण सांगितले आहे. तुमच्या गटात त्याहून बरीच जास्त मुले असतील, तर संस्थेकडे आधी दुसरी व्यक्ती मागावी आणि साधनांची मागणी नंतर करावी.

पदविका पूर्ण झाल्यावर, दोन-तीन वर्षे असे काम करून, ज्या प्रकारच्या मुलांकडे तुमचा ओढा असेल त्या क्षेत्रातील पुनर्वास परिषदेची पदविका निवडावी. त्याआधीच हा मुलगा पहिलीत जाण्याच्या वयाचा होईल. तेव्हा त्याच्यासाठी एक काम बाकी राहते आणि ते बहुतेक बालवाड्या करत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांचा वंचित गटात समावेश झाला आहे, त्यामुळे खासगी शाळांतील पंचवीस टक्के राखीव जागांसाठी पालक अर्ज करू शकतात. जवळची शासकीय शाळा निवडली, तर समग्र शिक्षा अभियानातील तालुक्याच्या विशेष शिक्षकांची मदत मिळू शकते. शाळा ठरली की जूनची वाट न पाहता एप्रिलमध्येच पहिलीच्या शिक्षकांना भेटावे. त्यांना जाड फाइल देऊ नये, ती वाचली जात नाही. एका पानावर लिहावे: त्याला काय आवडते, तो कसे सांगतो, कशाने बिथरतो, बिथरल्यावर काय केल्याने सावरतो, आणि वर्गातील कोणता मित्र त्याच्याबरोबर त्याच शाळेत येणार आहे. चित्रांचा संच त्याच्या दप्तरात ठेवावा आणि सुट्टीत पालकांनी त्याला दोन-तीनदा त्या शाळेच्या अंगणात नेऊन स्वच्छतागृह, पाण्याची जागा आणि त्याचा वर्ग दाखवून आणावा.